वीस मीटर

आमच्या घरात विसरण्याला सगळे घाबरतात. दूध उतू गेलं, किल्ली आत राहून दार ओढलं गेलं, तर दुसऱ्यांच्या घरी हसतात. आमच्याकडे क्षणभर सगळे गप्प होतात आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याच्या तोंडाकडे बघतात. हे बाबांमुळे. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते मुलुंडला आमच्याजवळ राहिले आणि शेवटची पाच वर्षं कोणाजवळच नव्हते. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. पहिल्यांदा काय विसरले ते आम्हाला आठवतसुद्धा नाही, इतकं ते हळू झालं. डॉक्टर म्हणाले होते, कधी कधी हे मुलांमध्ये उतरतं. मुलं आम्ही दोनच, दादा आणि मी.

मी मुलुंड पूर्वेला ब्लाउज शिवते. बाजाराच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. लग्न केलं नाही, त्याचं दुःखही नाही. तोंडाने फटकळ आहे, ते गिऱ्हाइकांना माहीत आहे आणि तरी ती येतात, कारण माझी बाही कधी ओढत नाही. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. अंधेरीच्या एमआयडीसीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. निवृत्त झाला आणि महिन्याभरात त्याने हे डबे शोधायचं वेड लावून घेतलं.

वेड म्हणजे काय, तर कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. मग जगभरातली रिकामटेकडी माणसं तो शोधत फिरतात. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. मिळत काही नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "दादा, त्यापेक्षा माझी हरवलेली कात्री शोध, चहा पाजते."

पण तो हे का करतो, ते मला कळत होतं. अक्षांश-रेखांशाचे ते लांबलचक आकडे तो कागदावर लिहून घेत नसे. पाठ करायचा. रिक्षात बसून मला म्हणून दाखवायचा आणि मी फोनवर ताडून बघायची. एक आकडा चुकला नाही की त्याचा चेहरा उजळायचा. घरी वहिनी तेवढंच विचारायची, "बरोबर आले?" मी हो म्हटलं की ती पोळ्या लाटायला लागायची. डबा सापडला की नाही, हे तिने कधी विचारलं नाही.

फोनमध्ये हल्ली सगळंच असतं, पण दादाला फोनवर भरवसा नव्हता. "फोन आपण पोटाशी धरतो आणि आकाश असतं डोक्यावर," तो म्हणायचा. म्हणून त्याने कुठून तरी जुना, बिनतारी जीपीएस रिसीव्हर मिळवला होता. साबणाच्या छोट्या वडीएवढा काळा तुकडा, त्यावर निळा दिवा. तो उपग्रहांचं ऐकायचा आणि ब्लूटूथने फोनला सांगायचा. म्हणजे फोनवरचा ठिपका फोनची जागा दाखवायचा नाही, रिसीव्हरची दाखवायचा. रिसीव्हर जिथे, तिथे तुम्ही.

आता तो अंगावर बांधायचा कुठे, हा प्रश्न. शर्टाच्या खिशात ठेवला तर आपलंच शरीर अर्धं आकाश झाकतं. पाठीवरच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवला तर पिशवी कलली की तोही कलतो. दादाने सेल्फी स्टिकला बांधून ती काठी पिशवीत उभी खोचली, ती बोरिवलीला पहिल्याच झाडात अडकली. शेवटी मी एक सुती टोपी घेतली, तिच्या माथ्यावर नायलॉनच्या जाळीचा कप्पा शिवला, दोन्ही बाजूंनी रुंद इलास्टिक आणि वरून वेल्क्रोची पट्टी. आधी टिच बटण लावलं होतं. दादा म्हणाला, धातू नको. मग ते उसवून वेल्क्रो लावलं. माझ्या हातचं इतकं निरुपयोगी आणि इतकं नेटकं काम दुसरं नाही.

टोपी घालून, माथ्यावर निळा दिवा लुकलुकत दादा अंधेरीच्या एका कंपनीच्या भिंतीलगत फिरत होता, तेव्हा वॉचमनने आम्हाला अडवलं. "काका, ये सर पे क्या लगाया है?" दादा शांतपणे म्हणाला, "दिमाग." मी हसून हसून भिंतीला टेकले. परतताना लक्षात आलं की दादा हसला नव्हता.

पुढे पुढे आमची एक पद्धत बसली. दादाचे चष्मे दोन, एक लांबचा, एक वाचायचा. फोन बघायचा तर पायाखालचं दिसत नाही आणि पायाखालचं बघायचं तर फोन दिसत नाही. म्हणून टोपी त्याच्या डोक्यावर आणि फोन माझ्या हातात. तो पुढे जायचा, मी मागे उभी राहून अंतर ओरडायची. चाळीस. तीस. बावीस. मोकळ्यावर पन्नास-साठ पावलांपर्यंत तो ब्लूटूथ टिकायचा. दादा माझ्या आवाजावर चालायचा. त्याला एकदा म्हटलं, मी खोटा आकडा सांगितला तर? तो म्हणाला, "तू कशाला सांगशील?"

त्या रिसीव्हरमध्ये एक खोड होती. तो मुळात गाड्यांसाठी बनवलेला. गाडी सिग्नलला उभी असली की नकाशावरचा ठिपका जागच्या जागी थरथरतो. ते बरं दिसत नाही म्हणून बनवणाऱ्यांनी त्यात सोय ठेवलेली, की वेग फार कमी झाला तर यंत्राने समजायचं की गाडी थांबली आणि ठिपका तिथेच खिळवायचा. गाडीला हे ठीक आहे. माणूस जपून, हळूहळू चालत असेल तर यंत्राला तो उभाच वाटतो. दादाने लॅपटॉपवरून ते बंद करून टाकलं होतं. मला दाखवलंही होतं आणि म्हणाला होता, "फक्त ह्याची बॅटरी कधी काढून ठेवू नकोस. बॅटरी काढली की हा सगळं विसरतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं. दुकानात, मशीनवर बसलेली असताना. हे मी मुद्दाम इथेच लिहून ठेवते.

नवरात्रात दादाने टोपी रिसीव्हरसकट माझ्याकडे दिली. इलास्टिक सैल पडलं होतं. खंडेनवमीच्या सकाळी मी दुकान झाडलं, पाट मांडला. आमच्याकडे हत्यारांची पूजा बाबांच्या वेळेपासूनची. खंडेनवमीला हत्यारं पाटावर जातात ती दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर उतरतात, आणि मधल्या वेळात त्यांना पुरती विश्रांती द्यायची. बाबा तर घरातल्या मिक्सरचा प्लगसुद्धा काढून ठेवायचे. मी मशीनचा पट्टा उतरवते, कात्र्या मिटवून दोरा गुंडाळते. त्या दिवशी रिसीव्हर मशीनशेजारीच होता. मला वाटलं, हाही दादाचं हत्यारच की. पाटावर ठेवला. निळा दिवा लुकलुकत होता. विश्रांती कसली ही, असं म्हणून मी मागचं झाकण सरकवलं, चपटी बॅटरी काढली आणि बाजूला ठेवली. दोघांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. दसऱ्याला संध्याकाळी बॅटरी परत घातली. दिवा लागला. मला फार बरं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मिठागरात गेलो.

मुलुंडला हायवेच्या पलीकडे जुनी मिठागरं आहेत. बऱ्याच भागात आता मीठ पिकत नाही, नुसते चौकोन उरलेत, मध्ये बांध, आणि बांध संपला की खाडीकडे तिवरांचं रान. तिथल्या एका मोडक्या उघाडीजवळ, म्हणजे बांधातून खाडीचं पाणी आत-बाहेर करायच्या दाराजवळ, एक डबा होता. दोन वर्षांत तो कोणालाच सापडला नव्हता. ओहोटीलाच जायचं, असं लपवणाऱ्याने लिहून ठेवलं होतं.

भरतीचं गणित दादाने बाबांच्या पद्धतीने तोंडी केलं. तिथीची पाऊणपट. "एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. आत खाडीत थोडं उशिरा. दोनला पोचायचं, तीनला बाहेर." वहिनीने दारातून मला हाक मारली. "वन्सं, नजर ठेवा हं त्यांच्यावर." मी म्हटलं, नजर तर माझीच असते, चष्मा त्याचा.

उशीर माझ्यामुळे झाला. एक गिऱ्हाईक आलं. तिचं माप मी घेतलं होतं की नव्हतं यावरून वाद झाला, वही सापडेना, ती चिडून गेली. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दादा घड्याळाकडे बघून म्हणाला, "पंधरा मिनिटांचं काम आहे."

ऑक्टोबरचं ऊन होतं. बांधावरचं गवत वाळून करकरत होतं. मागे हायवेचा एकसारखा आवाज आणि पुढे मात्र आवाज नाही. चिखलात खेकड्यांची बिळं होती. आम्ही जवळ गेलो की बाहेर बसलेले खेकडे एकदम आत जायचे आणि सगळा चिखल रिकामा दिसायचा. बांधाच्या टोकाशी एक बाईची चप्पल अर्धी रुतलेली होती, तिचा पट्टा नवा होता. मला ती जागा आवडली नाही. तसं मी म्हटलंही. दादा म्हणाला, "तुला एमआयडीसीसुद्धा आवडत नाही."

त्याने टोपी घातली, हनुवटीखाली नाडी बांधली. हातात दोन काठ्या घेतल्या आणि बांधावरून खाली उतरला.

"किती?"

"बत्तीस."

सुरुवातीला जमीन घट्ट होती, तो भरभर गेला. अठ्ठावीस, चोवीस. मग चिखल मऊ लागला. तो काठी रोवायचा, पाय उचलायचा, पुढे टाकायचा, परत काठी.

"किती?"

"वीस."

तो चालत राहिला. तिवरांच्या फांद्यांआडून टोपी दिसत होती, त्यावरचा निळा दिवा दिसत होता.

"आता?"

"वीस."

"नीट बघ."

"बघितलं रे. वीसच."

तो डावीकडे वळला. चिखलाचा पचक पचक आवाज येत होता. मी आकड्यावरून नजर काढली नाही, कारण माझं काम तेवढंच होतं. तो विचारत होता आणि मी सांगत होते. वीस. वीस. किती वेळा सांगितलं मला माहीत नाही. त्याचा आवाज बारीक होत गेला तसा मी माझा वाढवत गेले.

मग त्याने विचारायचं थांबवलं. मी मान वर केली. दादा होता त्याहून बुटका दिसत होता. चिखल त्याच्या गुडघ्यांच्या वर होता. एक काठी हातात होती, दुसरी कुठे दिसत नव्हती. माझ्यापासून तो पंचेचाळीस पावलं तरी लांब होता, उघाडीच्या दगडांच्या पार पुढे गेलेला. मी फोनकडे बघितलं. ठिपका जिथे मऊ चिखल सुरू झाला तिथेच होता. दादा जणू तिथून पुढे गेलाच नव्हता.

"पाय येत नाहीये," दादा म्हणाला. ओरडला नाही. दुसऱ्या कोणाचा पाय असावा तसं म्हणाला.

त्याच्या आजूबाजूच्या चरांमध्ये काहीतरी चकाकलं. पाणी होतं. आवाज न करता, बोटाएवढ्या धारेने ते आत येत होतं. मी खाली उतरले आणि तिसऱ्या पावलाला माझाच पाय पोटरीपर्यंत गेला. मी ओढून काढला, चप्पल तिथेच राहिली. मी हायवेकडे तोंड करून बोंब मारली. तिकडे गाड्या जात होत्या. कोणाला काय ऐकू जाणार?

खेकडे पकडणारा एक माणूस तिवरांतून आला म्हणून आज मी हे लिहिते आहे. त्याच्याकडे चिखलावर टाकायची लांब फळी होती. त्याने मला आधी गप्प केलं. "ताई, ओरडू नका, ते घाबरतात." मग दादाला म्हणाला, "काका, उभे राहू नका. मागं पडा. झोपा पाण्यात." दादा ऐकेना. पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं होतं आणि तो एका काठीला धरून ताठ उभा होता. फळीवर पोटावर सरपटत तो माणूस त्याच्यापर्यंत गेला, हाताने त्याला मागे आडवा केला आणि माझ्या ओढणीने काखेत बांधून इंच इंच ओढला. एका वेळी दादाचं तोंड पाण्याखाली गेलं. टोपी वर राहिली. दिवा लुकलुकत होता. फोनवर अजून वीसच मीटर होते.

बाहेर आल्यावर तो बराच वेळ बांधावर बसून खोकला. पायात बूट नव्हते, एका टाचेतून रक्त येत होतं. खेकडेवाल्याने पाणी पाजलं, पैसे घेतले नाहीत, आम्हाला दोन शिव्या घातल्या आणि गेला. दादाने टोपी काढली, रिसीव्हरकडे बघितलं.

"मी ते बंद केलं होतं," तो म्हणाला.

रिक्षात परत म्हणाला, "बंद केलं होतं ना गं मी? तुला दाखवलं होतं ना?"

तेव्हा मला पाट दिसला. झेंडू दिसला, आणि हळद-कुंकू वाहिलेली ती चपटी बॅटरी. त्याचं वाक्य शब्दन् शब्द कानात आलं. पंधरवड्यापूर्वी ऐकलेलं वाक्य, माझ्या डोक्यातून असं गेलं होतं की जणू कोणी बोललंच नव्हतं.

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

घरी वहिनीने त्याचे पाय धुतले. टाचेला पट्टी बांधली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं. केलं नसताना केलं म्हणायचे." दादा आपल्या हातांकडे बघत होता. मी तिथे होते. चार शब्दांचं काम होतं आणि मी चहा पिऊन घरी आले.

त्यानंतर दादा डबे शोधायला गेला नाही. रिसीव्हर टोपीसकट कपाटात गेला. तो रोज दुपारी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायला लागला. ज्याने अर्धी मुंबई पायाखाली घातली तो माणूस बाजाराच्या गल्लीत स्टुलावर बसून आल्यागेल्याकडे बघतो, आणि ते माझ्या एका खोट्यामुळे. त्याने मार्कर आणला आणि गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहायला लागला, कोणाचा ब्लाउज, कधी द्यायचा. मी मनात म्हणायची, बघा, आता ह्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. माझ्या कात्रीची जागा त्याने ठरवली, भिंतीवर खिळा ठोकला. मी वैतागून म्हणायची, "दादा, तुझं तू लक्षात ठेव, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस." तो बरं म्हणायचा. गॅसवर चहा ठेवला की तो उठून मागे येऊन उभा राहायचा. मला वाटायचं, ह्याला आता एकटं बसवत नाही.

माझंही चित्त ठिकाणावर नव्हतं. एका बाईचे दोन ब्लाउज तिच्या जावेच्या मापाने शिवले. चहात साखर दोनदा पडायची. अपराधी माणसाचं असंच होतं, असं मी धरून चालले.

भाऊबीजेला सांगायचं ठरवलं होतं. ओवाळलं, त्याने साडी दिली, वहिनीने करंज्या दिल्या आणि माझी जीभ उचलली नाही. मला ते स्पष्ट आठवतं. निरांजन आठवतं, आणि न सांगता जिना उतरल्याचंही आठवतं.

संक्रांतीला मात्र गेले ती ठरवूनच. वहिनीने तिळगूळ हातावर ठेवला, तो तोंडात न टाकता मी बोलायला लागले. पाट, खंडेनवमी, बॅटरी, रिक्षातलं खोटं, सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही दादा. तू बंद केलं होतंस. तू मला बजावलंही होतंस. मी विसरले."

दोघं गप्प होते. आमच्या घरात होतात तसे, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

दादा म्हणाला, "तू मला हे सांगितलंयस गं."

"कधी?"

"भाऊबीजेला. ओवाळून झाल्यावर. रडलीस खूप. हिने तुला पाणी दिलं." तो थांबला. "मग एकदा दुकानात. मार्गशीर्षात. मी म्हटलं, सोड आता, झालं ते झालं."

मी वहिनीकडे बघितलं. ती तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावत होती आणि ते तिला लागत नव्हतं.

"मग तू रोज दुकानात कशाला येऊन बसतोस?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा. "तुला भीती वाटते म्हणून ना? बाहेर पडायची?"

उत्तर वहिनीने दिलं. "तुमच्यासाठी येतात ते, वन्सं."

तिळगूळ माझ्या मुठीत वितळून चिकट झाला होता. मला पिशव्यांवरची नावं आठवली. ती अक्षरं मोठी होती, कारण ती मला वाचायची होती. खिळा माझ्या कात्रीसाठी होता. गॅसजवळ तो माझ्यासाठी उभा राहायचा. तीन महिने मी त्याच्याकडे बघत बसले होते, कुठे काय विसरतो त्याच्यावर टपून. एवढ्या वेळात एकदाही मला स्वतःकडे बघायचं सुचलं नाही. मी खूप घाबरले. अजूनही घाबरते, रोज सकाळी, दुकानाचं कुलूप उघडताना.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. चाचण्या झाल्या. इतक्यात काही नक्की सांगता येत नाही, म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या. आठवेल ते लिहीत जा, असंही म्हणाले, म्हणून हे लिहिलं. दादाने वाचलं. भाऊबीजेचा भाग मी होता तसाच ठेवलाय, माझ्या आठवणीतला. तो खोटा आहे असं तो म्हणतो.

रविवारी आम्ही पुन्हा जायला लागलो आहोत. खाडीकडे नाही, साध्या जागी, बागेत, टेकडीच्या पायवाटेवर. टोपी आता माझ्या डोक्यावर असते. मी शिवलेल्या कप्प्याची ती टोपी मलाच घट्ट होते, दादा मागून नाडी बांधतो. निघण्याआधी तो दर वेळी लॅपटॉप उघडून ती खोड बंद असल्याची खात्री करतो, दोनदा. मग फोन घेऊन मागे उभा राहतो आणि आकडा ओरडतो. मी तो आकडा मोठ्याने परत म्हणायचा, असं आमचं ठरलंय. तीस, तो म्हणतो. तीस, मी म्हणते. पंचवीस. पंचवीस.

परवा मागून चपला धावत आल्या. दादाने माझा दंड धरला, त्याला धाप लागली होती. किती हाका मारल्या, तो म्हणाला, एकीला उत्तर नाही.

मला तर वाटत होतं, मी सगळे आकडे म्हटले.